रद्द न झालेली गाडी

आमच्याकडे बायकांना सवड मिळते ती धान घरात आल्यावर. कापणी होते, चुरणे म्हणजे मळणी होते, धानाच्या ढोल्या भरतात आणि मग जानेवारीच्या सुमारास हाताला थोडा आराम आणि गाठीला चार पैसे येतात. नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेत धुकं पडतं आणि बनारसकडच्या गाड्या रद्द होत जातात. माझ्या मायला बनारसमार्गे जाऊन बुद्धगया पाहायची होती, आणि तिच्याकडे जानेवारीशिवाय दुसरा महिना नव्हता.

"मायला गयेला नेता आलं नाही, दर वेळी धुकं आडवं यायचं," असं मी आजवर सांगत आलो. ऐकणारे हळहळतात, विषय बदलतात. हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर अजूनही नाही.

आमचं गाव नवेगाव बांधापासून जवळच. माय आणि मावशी एकाच गल्लीत राहायच्या. मावशी म्हणजे मायची सख्खी बहीण नव्हे, मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, आणि पहिल्या पावसाळ्यापासून रोवणीला एकाच बांधीत, धानाच्या एकाच खाचरात, शेजारी शेजारी वाकून उभ्या राहिल्या. मावशी विनोदी, तोंडाळ. माय कमी बोलायची, पण बोलली की काटून टाकायची. दोघींच्या जोडीला विहारातल्या आणखी चार जणी होत्या. पौर्णिमेला वंदना झाली की या सहा जणी ओसरीवर बसून राहायच्या, आणि बोलणं फिरून फिरून गयेच्या पिंपळाखाली जाऊन थांबायचं. तो पिंपळ त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता.

मी तेव्हा गोंदियात एका राइस मिलच्या ऑफिसात हिशेब लिहायचो. नोकरी नवी होती, सन दोन हजार नुकतंच मागे पडलं होतं. बायकांना हिंदी बोलणारा, तिकीट काढणारा, गर्दीत पुढे होणारा माणूस हवा होता, तो मी. मायनं विहारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माझा लेक नेते आपल्याले."

रिझर्वेशनच्या एका फॉर्मवर सहाच नावं चालतात. माझं नाव टाकलं तर एक बाई दुसऱ्या तिकिटावर जायची, आणि ते त्यांना मुळीच कबूल नव्हतं. मावशी म्हणाली, "आमच्या साऱ्याइचा एकच कागद पायजे. अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं, असा नोको." तेव्हा सहा बायकांचं एक तिकीट काढलं आणि माझं वेगळं.

पहिल्या वर्षी त्या कोहमाऱ्याहून बस धरून सकाळीच गोंदिया स्टेशनवर आल्या. सहा जणींनी पांढरी लुगडी नेसली होती. बोचक्यांत तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे. मावशीनं पिंपळाला घालायला म्हणून बांधाच्या तलावाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. आम्ही जिना चढतच होतो तेवढ्यात घोषणा झाली. उत्तर भारतातल्या धुक्यामुळे गाडी रद्द.

मी त्यांना सांगितलं. कुणाला पटेना. स्टेशनवर लख्ख ऊन पडलं होतं.

"कोटं हाये गा धुका?" मावशी डोळ्यांवर हात धरून म्हणाली. "मले त तारावरचा कावरा बी दिसून राहिला."

"इथलं नाही मावशी, तिकडचं. बनारसकडचं."

"मंग तिकडं गेल्यावर थांबवा मना. इथून कायले थांबवता?"

माय म्हणाली, "बाई, गाडी काय तुही बैलबंडी हाये? मधात थांबली त पोटाले काय घालशील, कावरा?"

सगळ्या हसल्या. आजही तो हशा कानात येतो, कारण त्यानंतर या सहा जणी एकत्र हसल्या असतील असं मला वाटत नाही.

गाडी रेल्वेनंच रद्द केली की तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, काहीही कापलं जात नाही. मी परताव्याच्या रांगेत उभा राहिलो. बायका भिंतीशी सावलीत बसल्या. रांग दारापर्यंत गेली होती, सगळे याच गाडीचे. बरेच जण प्रयागला माघ मेळ्यासाठी निघालेले. माझ्यापुढे चार-पाच माणसं सोडून माझे घरमालक उभे होते.

इथं मला थांबून एक सांगितलं पाहिजे. त्या घरमालकांच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. किराणा दुकान होतं त्यांचं, माणूस सज्जन. मला "मुनीमजी" म्हणायचे, सणाला ताट पाठवायचे. माझं आडनाव सवर्णांतही आणि आमच्या बौद्धांतही चालणारं आहे. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं, ऐकलं, त्यांच्या मनानं काय ते ठरवलं आणि किल्ली हातात दिली. त्यांनी जे ठरवलं ते मी खोडून काढलं नाही. खोलीत बुद्धाची तसबीर लावली नाही. गावाकडचं कुणी येऊ लागलं तर आधी मीच गावाला जाऊन यायचो. माय तिथं कधीच आली नव्हती. "खोली लहान आहे," मी सांगायचो. खोली लहान नव्हती.

तर रांगेतून मालकांनी मागे वळून पाहिलं. "अरे मुनीमजी! आप भी? आप कहाँ चले थे?"

मी काही बोलायच्या आत माय पाण्याचा लोटा घेऊन माझ्याजवळ आली. तहान लागली असेल पोराला, एवढंच तिच्या मनात. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीशी बसलेल्या पांढऱ्या लुगड्यांकडे पाहिलं. "ये लोग?"

"गाँव की औरतें हैं," मी म्हणालो. "पढ़ी-लिखी नहीं हैं। टिकट के लिए मदद कर रहा हूँ।"

मायला हिंदी येत नव्हती, पण एवढी कळत होती. ती लोटा पुढे करूनच उभी होती. मग तिनं तो मागे घेतला, पदर डोक्यावर सारखा केला आणि मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "आमचा तिकीट तेवढा जपून ठेवजा, साहेब."

आणि भिंतीशी जाऊन बसली.

तिनं मला साहेब म्हटलं ते टोमणा म्हणून नव्हे. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. मी रांगेत पुढे सरकत राहिलो. पैसे घेतले, सहा जणींना वाटून दिले, बसमध्ये बसवून दिलं. बस सुटेपर्यंत माय माझ्याशी इतर बायकांसारखीच परक्यागत बोलली. मालक तर केव्हाच घरी गेले होते. बघणारं कुणी नव्हतं, तरीही.

त्याविषयी ती पुढे एक शब्दही बोलली नाही. मला वाटलं, आता गयेचं नाव काढणार नाही. पण पुढच्या वर्षी धान घरात आल्यावर तिचा निरोप आला, तिकीट काढ. मी गावाला गेलो तर म्हणाली, "तुले जमत नसंल त तू नोको येऊ बाबू. गाडीत बसवून दे. तिकडं आमी पाहून घेऊ."

मावशी लगेच म्हणाली, "कायचा पाहून घेऊ? इथं गोंदियात उतरलं त मले ऊन कोन्या बाजूचा ते समजत नाई. तो आला पायजे."

मी म्हणालो, येईन. तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो. तिकीट काढलं, सहा बायकांचं एक, माझं वेगळं.

गाडीच्या दोन-तीन दिवस आधी मालकांनी जिन्याखाली गाठलं. मागच्या वर्षी हुकलेला संगमाचा योग या वर्षी साधायचा होता. सगळं कुटुंब निघालं होतं, त्याच गाडीनं. रजेचा अर्ज टाकल्याचं आणि त्याच गाडीचं तिकीट काढल्याचं मी मिलमध्ये बोललो होतो, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. कुठे चाललोय ते मात्र ठाऊक नव्हतं. "एक ही डिब्बा निकला तो मज़ा आ जाएगा, मुनीमजी," ते म्हणाले. त्यांनी आपला डबा सांगितला, आणि आमच्या तिकिटांवरही तोच निघाला.

दिवसभराचा आणि रात्रभराचा प्रवास. सहा जणी समोरासमोर बसणार, वंदना म्हणणार, मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला "जय भीम" घालणार. माय पुन्हा मला साहेब म्हणणार, आणि मी म्हणू देणार. मी डोळ्यांपुढे ते सगळं आणून पाहिलं. उपाय अगदी साधा होता. मालकांच्या समोर उभं राहून "ही माझी माय" एवढं म्हणायचं होतं. फार तर खोली सोडावी लागली असती. गोंदियात खोल्या काय कमी होत्या?

गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी मी रिझर्वेशनच्या खिडकीवर गेलो आणि दोन्ही तिकिटं रद्द केली. मग एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला, मायला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "माय, गाडी रद्द झाली."

"याही वर्षी?"

"धुकं पडलं."

पलीकडे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं, ते ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "जाऊ दे बाबू. त्याले तू काय करशील? जेवलास का?"

आपण होऊन तिकीट रद्द केलं की रेल्वे पैसे कापते. गाडीच रद्द झाली तर कापत नाही. मागच्या वर्षी बायकांना पूर्ण पैसे मिळाले होते आणि ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं. तेव्हा कापलेली रक्कम मी माझ्या पगारातून घातली. खोटं सांगायला जितकं धैर्य लागतं त्यापेक्षा ते नीट दिसेल असं सजवायला जास्त काळजी लागते. ती मी पुरेपूर घेतली. मिलमधून सुटी मिळाली नाही असं मालकांना सांगून त्यांचं सामान रिक्षात चढवायलाही गेलो.

एका माणसाचा मात्र मला विसर पडला. मावशीची मुलगी दरेकशाला दिली होती. नवऱ्यानं टाकून दिलेली, सासरच्या पडवीत राहून जंगलातल्या कामावर जायची. तिच्याकडे फोन नव्हता. मावशीनं बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी हाती तिला निरोप धाडला होता, "आमची गाडी तुया गावावरून जाते. उभी राहजो." गाडी दरेकशाला थांबत नाही, पण पुढे चढ आहे, तिथं तिचा वेग कमी होतो. गाडी रद्द झाली हे तिला कळवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कळवलं असतं तरी काय, गाडी तर वेळेच्या थोडी मागे का होईना, गेलीच.

त्या रविवारी मी पैसे घेऊन गावाला गेलो. सगळ्या विहाराच्या ओसरीवर बसल्या होत्या. मी एकेकीचं नाव घेऊन पैसे देऊ लागलो. मावशीची पाळी आली तेव्हा तिनं हात पुढे केला नाही.

"बाबू, माझी पोरगी कालच आली दरेकशाची. ते मनते गाडी गेली."

माझ्या हातात नोटा तशाच राहिल्या.

"लायनीच्या बाजूले उभी होती मनते. पोराले कडेवर घेऊन. साऱ्या खिडक्या पायल्या मनते, कोनीच हात हालवला नाई. मले मनते, माय, तू झोपली होतीस का?"

ओसरीवर सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी तोंड उघडलंही असेल. पण मायच आधी बोलली.

"मालगाडी पायली असंल तिनं."

"मालगाडीले खिडक्या असतात का वो?" मावशी म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या. मावशीही हसली. तिच्या मनात भांडण नव्हतं, तिला फक्त उलगडा हवा होता.

माय हसली नाही. "माझा लेक खोटा बोलते मनतेस?"

"मी कोटं तसं मनलं? पोरगी मनते ते सांगून राहिली."

"तुया पोरीवर तिच्या नवऱ्याचा भरोसा नाई," माय म्हणाली. "मी कायले ठेवू?"

इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्यानंतरची ओसरी मी आजही तशीच पाहू शकतो. मावशीची मुलगी दारातच उभी होती, आत येऊ की नको अशी. तिनं ऐकलं. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, मुलीचा दंड धरला आणि दोघी निघून गेल्या. तिचे पैसे माझ्या हातात राहिले. ते पुढे मी दुसऱ्या बाईच्या हाती पाठवले, तर तिनं विहाराच्या पेटीत टाकले.

मायला त्या क्षणी खरं कळलं होतं का? मला माहीत नाही. रांगेत जिनं मला साहेब म्हणून वाचवलं, ती बाई माझा चेहरा वाचू शकत नव्हती यावर विश्वास ठेवणं कठीण जातं. कळूनच बोलली असेल, तर तिनं आपली मैत्रीण दिली आणि माझं खोटं राखलं. न कळता बोलली असेल, तर ती माझ्यावरच्या विश्वासापायी बोलली. कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. एकच गल्ली, एकच हातपंप. एक आली की दुसरी गुंड-घागर उचलून बाजूला व्हायची. रोवणीला माय या बांधीत, तर मावशी त्या बांधीत. विहारात जायचं मावशीनं सोडलं नाही, पण ती खांबापलीकडे बसायची. पुढच्या जानेवारीत कुणी गयेचं नाव काढलं नाही. मायही नाही. मी एकदा विचारलं, "माय, या वर्षी काढू का तिकीट?" तर म्हणाली, "कोनासंगं जाऊ?"

काही वर्षांनी मला दुसरी नोकरी लागली. गोंदियातच लहानसं घर बांधलं आणि समोरच्या खोलीत तसबीर लावली. ती खिळ्यावर टांगताना आपण फार धीराचं काही करतोय असं वाटलं होतं, म्हणून आज लाज वाटते. मायला म्हटलं, इथं राहायला ये. ती चार दिवस राहिली आणि गावाला परतली. मग तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मी आणि बायको आळीपाळीनं गावी राहू लागलो.

आता जे लिहितो आहे ते गाडीपेक्षा वाईट आहे.

मायचा डावा हात चालत होता. दुपारी तिला दारापाशी खाटेवर बसवलं की ती तो हात उचलून गल्लीच्या टोकाकडे दाखवायची. तिकडे मावशीचं घर. हात दाखवायची, माझ्याकडे पाहायची, पुन्हा हात दाखवायची. घशातून नुसता आवाज यायचा. बायको विचारायची, "माय काय मागून राहिल्या?" मी म्हणायचो, "तहान लागली असेल." आणि पाणी द्यायचो. माय पाणी प्यायची नाही. ओठ घट्ट मिटायची.

मला कळत होतं. मावशीला बोलावलं असतं तर ती आली असती. आली असती तर खाटेशी बसली असती, आणि मला दोघींच्या समोर उभं राहावं लागलं असतं. माय बोलू शकत नव्हती. बोलू शकणारा मी एकटाच होतो. म्हणून मी पाणी देत राहिलो. काही दिवसांनी तर खाट आत हलवली. दारात वारा लागतो, हे कारण सांगितलं.

माय गेली तेव्हा मावशी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत पाहिलं आणि गेली.

त्यानंतरही मी काही वर्षं गप्पच होतो. गेल्या उन्हाळ्यात शेताच्या कामासाठी गावाला गेलो होतो. मावशी अंगणात बसून मोहफुलं वाळत घालत होती, आता फार म्हातारी झाली आहे. मी फाटकातून आत गेलो आणि तिच्यापुढे जमिनीवर बसलो. काय म्हणायचं ते ठरवून आलो नव्हतो. पण बसलो आणि सगळं सांगितलं. मालक, रांग, साहेब, खिडकीवर रद्द केलेलं तिकीट, बूथवरचा फोन.

ती फुलं पसरत राहिली. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "ते त मले मालूमच होता. माझी पोरगी खोटी कायले बोलंल?"

"मावशी..."

"मले सांगून काय फायदा आता? दरेकशाले जा. तिले सांग. तिनं आयकला होता ना दारात उभी राहून."

"जाईन." आणि मी गेलोही, पण ती गोष्ट त्या मुलीची आहे. मी लिहिणार नाही.

मावशीनं फुलांवरचा हात उचलला नव्हता. मी उठू शकलो असतो. तिला ठाऊक होतं तेवढंच मी सांगितलं होतं, नवं काही नाही. पण मी बसून राहिलो आणि मग तेही सांगितलं. माय खाटेवरून हात करायची ते. मी पाणी द्यायचो ते. खाट आत हलवली ते.

तिचा हात थांबला.

"माझ्या घराकडं?"

"हो."

"कोनता हात?"

"डावा. उजवा गेला होता."

"रोज?"

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीच्या पलीकडल्या टोकाला आमच्या बंद घराचं दार आहे, तिकडे पाहत राहिली. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल. मी त्याचीच वाट पाहत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला उठून जाता आलं असतं.

"मी त घरीच होती रे, बाबू," ती म्हणाली. "सारा दिवस घरीच राहात होती मी."